काचगृहातील पाठ

लंडनमधील क्यू उद्यानातील ताडगृह हे लोखंड व काच यांचे भव्य काचगृह १८४४ ते १८४८ या काळात बांधले गेले. थंड प्रदेशात उष्ण कटिबंधातील वनस्पती जगाव्यात, म्हणून अशा गृहात हवा उबदार व दमट ठेवावी लागते. आपल्या परसात सहज वाढणारी केळ तेथे काचेआड जपावी लागते, हे मुलांना नवलाचे वाटते.

अशा स्थळी लहान मुलांना नेताना शिक्षकाने नावांची यादी पाठ करवून घेऊ नये. आत शिरताच अंगाला काय जाणवले, चष्म्याची काच का धुरकटली, असे प्रश्न विचारावेत व उत्तरासाठी थांबावे. घाईने पुरविलेले उत्तर मुलाचे कुतूहल मारते. झाडांना हात लावू नये, हे आधीच सांगावे. उकाडा असल्याने मुक्काम थोडाच ठेवावा.

जेथे काचगृह नाही, तेथे पाणी घातलेल्या कुंडीतील लहान रोपावर काचेची बरणी उपडी ठेवून कुंडी सावलीत ठेवावी. बरणीच्या आतून जमलेले थेंब मुलांनी प्रथम स्वतः पाहावेत. ओल्या मातीतून व पानांतून निघालेली वाफ काचेवर पाणी होऊन बसते, हे कारण मागाहून सांगावे. पाहिलेले टिकते, नुसते ऐकलेले विरते.