दुधाचे दात पडायला उशीर होतोय?

‘मुलगा सात वर्षांचा झाला. वर्गातली निम्मी मुलं बोळकी झाली, याचा मात्र एकही दात हलत नाही. कॅल्शियम सुरू करू का?’ असं विचारणाऱ्या पालकांच्या हातात बहुतेक वेळा बाटली आधीच असते. ती तूर्त बाजूला ठेवा. निरोगी, नीट जेवणाऱ्या मुलाचे दात कॅल्शियमच्या औषधाने लवकर पडत नाहीत.

पहिला दात साधारण सहाव्या वर्षी पडतो, बहुधा खालच्या पटाशीच्या दातांपैकी एक. पण पाचव्या वर्षी पडला काय किंवा सातव्या वर्षी पडला काय, दोन्ही ठीकच. तुलना शेजारच्या मुलाशी करू नका. आपल्याच मुलाला पहिला दात कधी आला होता, ते आठवा. वर्षाचा होऊन गेल्यावर आला असेल, तर पडायलाही बहुधा उशीरच लागतो.

खालून कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं. म्हणून पडलेल्या दाताला मूळ जवळपास नसतंच. कधी कधी कायमचा दात थोडा मागून, जिभेच्या बाजूने डोकावतो आणि दातांच्या दोन रांगा दिसतात. आईवडील घाबरतात, पण पुढचा दात हलत असेल तर मुलाला तो जिभेने, स्वच्छ बोटाने हलवू द्या, गाजर-पेरू चावून खाऊ द्या. तो पडला की मागचा दात जिभेच्या रेट्याने बराचसा पुढे येतो. दोन-तीन महिन्यांत दात हललाच नाही, तर दाखवा. दोरा बांधून ओढण्याचा पराक्रम मात्र नको.

खरी शंका येते ती आठवं वर्ष सरत आलं तरी एकही दात पडला नसेल तेव्हा. किंवा एका बाजूचा दात पडून सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा त्याच जागचा तसाच घट्ट असेल तेव्हा. कायमचा दात मुळात तयारच झालेला नसतो, वाटेत एखादा जादा दात आडवा येतो, कधी दुधाचा दात हाडाला चिकटून बसतो. क्वचित थायरॉइडची कमतरता किंवा मुडदूस हे कारण असतं. अशा वेळी मुलाची उंचीही मागे पडलेली असू शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञांनाही दाखवावं.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दाढेमागे नवी दाढ येते, कुठलाही दात न पडता. ती दुधाची समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होतं. ती कायमची आहे. घासताना ब्रश तिथवर पोचू द्या.

खाली कायमचा दात नसेल, तर दुधाचा दात मोठेपणीही वर्षानुवर्षं काम देऊ शकतो. म्हणून वय उलटूनही न हलणारा दात एक्स-रे पाहिल्याशिवाय काढून घेऊ नका.