शंका-समाधान : पणजोबांच्या पलीकडे

घराण्याचा माग कसा काढावा, अशी पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतली बहुतेक गंगाखेड, पालम, अहमदपूर या पट्ट्यातल्या शेतकरी घरांतली आहेत. सगळ्यांना जागा देता येत नाही. ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल, अशी निवडली आहेत.

प्रश्न : आमचे गाव राणीसावरगाव, ता. गंगाखेड. आजोबा, पणजोबांची नावे ठाऊक आहेत, त्यामागचे कोणी सांगत नाही. आमचे मूळ अहमदपूरकडचे, दुष्काळात इकडे आलो, एवढेच म्हातारी माणसे सांगत. एकोणिसाव्या शतकापर्यंत पोहोचता येईल का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर : पोहोचता येईल, पण माणसाच्या नावामागे न धावता जमिनीच्या नंबरामागे जा. आपल्याकडे आज्याचे नाव नातवाला ठेवायची रीत. त्यामुळे एकाआड एक पिढीत तुकाराम आणि मारुती हीच नावे फिरत राहतात. शंभर वर्षांच्या कागदांत तीन तुकाराम निघाले की भलेभले दोन पिढ्या एकीत गुंडाळून मोकळे होतात. आडनावाचा भरवसा त्याहून कमी, कारण जुन्या नोंदीत ‘तुकाराम वल्द मारुती’ एवढ्यावरच भागलेले असते. सर्व्हे नंबर मात्र एकदा पडला की सहसा तिथेच राहतो, त्याचे पोटहिस्से पडतात, मालक बदलतात.

आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल, तर आधी जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ दाखवणारे एकत्रीकरणाचे पत्रक भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. इथेच चूक झाली तर पुढचा सगळा प्रवास शेजाऱ्याच्या घराण्यात जातो. नंतर सातबाऱ्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक घेऊन एकेक फेरफार मागे वाचत जा. वारसाचा फेरफार सर्वांत मोलाचा, कारण त्यात मयताचे नाव आणि सगळे वारस एकत्र येतात. घरात कधी नाव न निघालेला एखादा चुलता किंवा दिलेली लेक तिथे सापडते.

त्याच्यामागे मराठवाड्याचा हुकमी कागद म्हणजे १९५४-५५चे खासरा पाहणी पत्रक. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचे. कब्जा कोणाचा, कूळ कोण, हे त्यात दिसते. त्याहून जुनी पाहणी पत्रके निजामी अमलातली आहेत. ती मिळाली तर मिळाली. सलग मिळतील ही आशा धरू नका. तळाशी जायचे तर भूमी अभिलेखाकडचे सेतवार, वसूल बाकी आणि प्रतिबुक पाहायचे. हे कागद मोजणी-बंदोबस्तातून निघालेले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी १८६५मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, १८७०च्या दशकात मोजणीचे खाते उभे राहिले आणि मोजणी हळूहळू तालुक्या-तालुक्यांत पोहोचली. तुमच्या शेताचा पहिला खातेदार या दप्तरात असायला हवा. शेत तेव्हापासून तुमच्याच घराकडे असेल, तर तो पणजोबांचा बाप किंवा आजा निघण्याचा संभव चांगला आहे.

त्यामागे मात्र साध्या रयतेची वाट बहुधा बंद होते. सालारजंगांच्या आधी मुलखाचा वसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदाराला किती पैसा आला याची फिकीर होती, कोणत्या शेतात कोण राबतो याची सरकारला नव्हती. जुन्या कागदांत देशमुख, देशपांडे, पाटील अशी वतनदार घराणी भेटतात, कारण त्यांचे हक्क आणि त्यांची भांडणे लिहून ठेवणे सरकारला भाग होते. तुमच्या घरात पाटीलकीचा तुकडाही नसेल, तर अठराव्या शतकाचा नाद सोडा.

आता अहमदपूर. आज ते लातूर जिल्ह्यात आहे आणि लातूर जिल्हा झाला १९८२मध्ये. त्याआधी अहमदपूर उस्मानाबादेत (आजच्या धाराशिवात) होते आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात. म्हणजे राणीसावरगावची माणसे परभणीच्या कागदांत, तर तुमच्या मूळ गावाची बीदरच्या. तिकडचा शोध लातूर आणि धाराशिवला संपला नाही, तर बीदरलाही चौकशी करावी लागेल. गंगाखेडच्या पश्चिमेचे परळीकडचे पाहुणे असतील, तर त्यांचे कागद बीडच्या दप्तरात.

दुष्काळ कोणता, हेही ठरवून घ्या. १८७६-७८चा, १८९६-९७चा की १८९९-१९००चा? शेवटच्या दोन दुष्काळांनी हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत एक कोटी पंधरा लाखांवरून एक कोटी अकरा लाखांवर आणली. त्या काळात जगायला आलेले घर लगेच जमिनीचे मालक होत नसे. आधी सालगडी, मग बटाईदार, आणि पैसा जुळला तर खातेदार. म्हणून राणीसावरगावच्या दप्तरात तुमचे नाव ज्या वर्षी प्रथम दिसते, ते येण्याचे वर्ष समजू नका. येणे त्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधीचेही असू शकते.

कुलदैवत कोणते, हे तुम्ही लिहिलेले नाही. राणीसावरगावची रेणुकादेवी गावाची झाली. घरातला टाक तुळजाभवानीचा, माहूरच्या रेणुकेचा की माळेगावच्या खंडोबाचा, हे पाहा. तुळजापूरला पुजाऱ्यांची आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांची यजमानांच्या नावांची चोपडी असते. तिथे आपले आडनाव सांगून भागत नाही, मूळ गाव सांगावे लागते. ‘मूळ गाव अहमदपूरकडचे’ ही घरातली आठवण तिथे कामाला येईल.

प्रश्न : आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख ‘१३ तीर १३४३ फसली’ आहे. इंग्रजी तारीख कशी काढावी?

उत्तर : निजामी फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू होई. त्यापुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. पहिल्या तीन महिन्यांत फसली सालात ५९० मिळवा, पुढच्या नऊ महिन्यांत ५९१. बहमनचे शेवटचे दिवस जानेवारीत जातात, तेवढे सांभाळा. तीर हा आठवा महिना, म्हणून तुमच्या आजोबांचा जन्म मे १९३४चा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली असण्याची शक्यता आहेच. पुढच्या पिढीतली निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली, हे आपण सगळे पाहतोच.

प्रश्न : माझ्या माहेरच्या कागदांत पणजीच्या नावापुढे ‘भ्र.’ असे आहे. दुसऱ्या एका उर्दू कागदात तिच्यापुढे ‘बेवा’ आहे, असे वाचणाऱ्याने सांगितले. बायकांच्या बाजूने वंशावळ निघते का?

उत्तर : ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. पुढचे नाव तिच्या नवऱ्याचे. उर्दू कागदात हीच जागा ‘जौजे’ घेते. ‘बेवा’ म्हणजे विधवा. बाईचे नाव जमिनीच्या कागदात बहुधा नवरा गेल्यावरच येते, आणि मुलगा सज्ञान झाला की पुन्हा जाते. म्हणून पणजीचे नाव ज्या वर्षी चढले, त्याच्या थोडे आधी पणजोबा वारले, हे धरून चाला. निपुत्रिक घरात दत्तकपत्र झाले असेल, तर निबंधक कार्यालयात ते शोधा. त्यात मुलाचे जनक घर आणि दत्तक घर, दोन्ही कळतात.

पटवाऱ्याचे जुने मराठी लिखाण मोडीत असते, वरच्या कचेरीचा कागद फारसीत किंवा उर्दूत. उर्दू येते म्हणून कोणीही तो वाचू शकेल असे नाही. शिकस्ता अक्षर आणि रकमा लिहायची जुनी पद्धत सवयीनेच उलगडते. वाचून घेताना ‘मतलब काय’ विचारू नका, ओळीबरहुकूम लिप्यंतर मागा. आईच्या आईची बाजू मात्र कागदापेक्षा सोयरिकीच्या आठवणीतूनच निघेल. घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आजीकडे बसा. कोणाचे मामा कुठले, हे तिच्याइतके कोणत्याच दप्तराला ठाऊक नाही.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. त्याच्या शेतकरी शेजाऱ्याने १८५० सालापर्यंतची आपली माणसे, त्यांची वये आणि जन्मस्थाने घरबसल्या काढली. आपल्याकडे हे का होत नाही?

उत्तर : १८५०च्या अमेरिकन जनगणनेत पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे लिहीत, आणि गुलामांची नावे १८५०मध्येही नव्हती. त्या याद्या तिथे ७२ वर्षांनी खुल्या होतात. शिवाय १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळवणाऱ्याला अर्ज आणि साक्षी द्याव्या लागत. ती प्रकरणे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तरी त्यांचेही दप्तर अखंड नाही. १८९०च्या जनगणनेचे कागद १९२१च्या आगीमुळे बहुतेक गेले, आणि त्या दशकातली माणसे शोधताना तिथले लोकही मेटाकुटीला येतात.

हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ची. आपल्या जनगणनेत आकडे छापले गेले, घरोघरची पत्रके संशोधकाला उघडी झाली नाहीत. अपवाद १९५१च्या नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा. ती तहसीलमध्ये विचारा. आयोवाचा शेतकरी दर पिढीला पश्चिमेकडे सरकत राहिला, आपला त्याच शिवारात राहिला. म्हणूनच तो नावाने शोधतो आणि आपल्याला सर्व्हे नंबराने शोधणे सोपे.

प्रश्न : कुणबी नोंदीसाठी वंशावळ पुरेशी आहे का?

उत्तर : नाही. वंशावळ ही तुम्ही शपथेवर सांगितलेली साखळी. पुरावा म्हणजे पूर्वजाच्या नावापुढे जात लिहिलेला मूळ अभिलेख. २०२३मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने खासरा, पाहणी पत्रक, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळेचे जनरल रजिस्टर अशी बरीच दप्तरे तपासायला लावली. त्यात तुमच्या घराण्याची नोंद निघाली असेल, तर तिच्यापासून तुमच्यापर्यंतचा एकेक दुवा कागदाने जोडा. मधली एक पिढी तोंडी राहिली, की प्रकरण तिथेच अडते.

प्रश्न : एक गृहस्थ पैसे घेऊन चारशे वर्षांची वंशावळ काढून देतो म्हणतात. करून घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. त्यांनी मागच्या कागदाची प्रत दाखवली, तर पुढचे बोलू.

पुढच्या अंकासाठी लिहिताना गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि माहीत असलेल्या सर्वांत जुन्या माणसाचे वडिलांसह नाव अवश्य कळवावे. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत, छायाप्रत पुरे.