पाटा बैल, शॉकअप वेसण

पिकअप घेतलीस, पहिला पेढा मला आणून दिलास, बरं वाटलं. पण पेढा तोंडात विरघळायच्या आत तू मोबाइल काढलास आणि छातीएवढ्या उंच परदेशी गाड्या दाखवून म्हणालास, "तात्या, आपली पण अशीच उचलायची." चारचौघांत पोराचा हिरमोड करू नये म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता आपण दोघंच आहोत, तर ऐक. तीस वर्षं भिगवणच्या बाजारातून मासळी भरली, इंदापूरच्या माळावरून डाळिंबं वाहिली. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट पक्की कर. पाटा म्हणजे बैल, शॉकअप म्हणजे वेसण. वजन पाटा, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, पेलतो. शॉकअपचं ते कामच नाही. खड्ड्यातून उसळलेला पाटा नाचत राहू नये, त्याला जागेवर आणावं, एवढ्यासाठी शॉकअप असतो. गाडी मागं बसली की लोक नवे शॉकअप टाकतात. पैसे जातात आणि गाडी तिथंच बसलेली राहते. वेसण नवी घातली म्हणून म्हातारा बैल तरणा होत नाही.

दुसरी गोष्ट, आधी काटा, मग दुकान. वजनकाट्यावर गाडी रिकामी एकदा आणि भरलेली एकदा चढव. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोल आणि चारी आकडे वहीत लिहून ठेव. ऑस्ट्रेलियातली ओल्ड मॅन इमूसारखी कंपनी स्प्रिंग सुचवताना गाडीवर कायमचं वजन किती असतं, हेच आधी बघते. आपल्याकडं दुकानदार विचारत नाही, तेव्हा आपणच सांगायचं. आणि खरं सांगायचं. तुझी गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी. नुसत्या भरल्या वजनाचा विचार करून पाटे भरलेस तर परतीच्या वाटेला गाडी दगडासारखी आपटेल आणि पाठीचे मणके तुझे जातील.

पाटे भरतानाही मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नकोस. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो सव्वापट नाही, जवळजवळ दुप्पट कडक होतो. कडकपणा जाडीच्या घनाच्या हिशेबानं वाढतो. म्हणून एकदम जाड पाटा घालण्यापेक्षा मूळ जाडीचा एखादा वाढवून बघावा.

आता उंचीचं. नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेनं, उसाच्या फडातून, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून गाडी न्यायची म्हणजे पोटाखाली थोडी जागा हवीच, ते मलाही मान्य आहे. पण दीड-दोन इंच खूप झाले. आणि उंची वाढवली की जुन्या मापाचा शॉकअप चालत नाही. चॅसिस जॅकवर घे, चाक लोंबू दे, वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत टेप लाव. हे उघडं माप. मग माल भरून, ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत दाबून पुन्हा मोज. हे मिटलेलं माप. शॉकअप असा घे, की दोन्ही टोकांना किमान इंचभर जागा उरेल. रबरी ठोकळा आधी टेकला पाहिजे, शॉकअप नंतर. उलटं झालं तर ठोकळ्याचा मार शॉकअप खातो, आणि एक दिवस त्याचा दांडा तरी वाकतो नाहीतर चॅसिसवरची पकड तरी तुटते.

विकत घेताना रंगाला भुलू नकोस. लाल-पिवळ्या नळकांड्यात काय आहे ते विचार. दांडा किती जाड? साध्या शॉकअपला १२-१३ मिलिमीटरचा असतो, दणकट मालाला १८-२०. आतल्या तेलावर गॅस भरला आहे का? नुसत्या तेलाच्या शॉकअपमध्ये खडबडीत रस्त्यावर तासाभरात तेलाचा फेस होतो आणि वेसण ढिली पडते. गॅसचा दाब फेस होऊ देत नाही. आणि नळी एक की दोन? एका नळीचा शॉकअप लवकर थंड होतो, लांब पल्ल्याला छान. पण त्याचा दट्ट्या बाहेरच्याच नळीला घासून फिरतो, तेव्हा एखाद्या दगडानं नळीला पोचा पडला की खेळ खलास. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून टोला बसला तरी आतली नळी शाबूत राहते. आपल्या दगडधोंड्यांच्या वाटांना मी दोन नळ्यांचा, गॅसचाच घेईन. गॅब्रिएल ही १९६१ सालापासूनची आपल्या देशातली कंपनी, तिचा कारखाना चाकणलाच आहे. साधा माल हवा असेल तर सातासमुद्रापार बघायची गरज नाही. पण कुठलाही घेतलास तरी पक्कं बिल घे, आणि बुश, सील सुटं मिळतं का ते आधी विचार.

तू सारखं कॉइलओव्हर, कॉइलओव्हर म्हणत होतास. त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर असतात. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांच्या पुढच्या चाकांना ही रचना शोभते. अशोक लेलँडच्या दोस्तला पुढंमागं पाटेच आहेत, तिथं कॉइलओव्हर लावायचा म्हणजे बैलाच्या खांद्यावर घोड्याचं खोगीर. ज्या गाडीला तो बसतो, तिथंही एक लक्षात ठेव. स्प्रिंगखालची चकती फिरवून गाडी वर येते, पण स्प्रिंग कडक होत नाही. उलट चाकाला खाली लोंबायला जागा कमी उरते. आणि कॉइलओव्हरच्या डोक्यावर एक इंच जाडीची वेगळी चकती घातली तर चाकापाशी ती दोनएक इंच होते, कारण मधला हात तरफेसारखा चालतो. तेव्हा हावरेपणा नको.

हे सगळं मला फुकट कळलेलं नाही. एका वर्षी मीही हौसेनं ॲक्सल आणि पाट्याच्या मधे दोन इंचाचा लोखंडी ठोकळा टाकून गाडी मागून उचलली. भिगवणहून बर्फ-मासळी भरून पहाटे बारामतीकडं निघालो. हंगाम चालू, पुढं उसाची बैलगाडी. ब्रेक दाबला तर पुढची चाकं जागेवर चिकटली आणि मागची मोकळीच पळत होती. गाडी थांबली तेव्हा मागं लोंबणारी उसाची वाढी माझ्या काचेवर घासत होती. गाडीवानानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझा मात्र हात स्टेअरिंगवरून निघेना.

नंतर गाडीखाली झोपून बघितलं तेव्हा कळलं. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपाशी एक दांडी असते. गाडी जितकी बसेल तितकं ब्रेकचं तेल ती मागच्या चाकांना जास्त सोडते. मी गाडी उचलली, दांडीला वाटलं गाडी रिकामी आहे, तिनं तेल अडवलं. तिचा काही दोष नव्हता. म्हणून उंची बदललीस की ती दांडी नव्यानं लावून घे, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात नाहीत ना ते बघ, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बघ, दिवे खाली वळव. ठोकळ्यावर ठोकळा कधीच चढवू नकोस.

बसवताना मिस्त्रीजवळ उभा राहा. दोन नळ्यांचा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा खालीवर करावा, मगच लावावा, नाहीतर आत हवा राहते. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. यू-बोल्ट जुने वापरू नयेत, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावावा. शॉकअप बदलायचे ते जोडीनं. फडातून आलं की दांड्यावरचा चिखल वाळायच्या आत पाणी मार.

आणि कायदा. आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत. पाटे भरले म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही. जादा माल सापडला तर दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका खेपेत महिन्याची कमाई गेली म्हणून समज.

काम झालं की गाडी भरून बेलवाडी, निमगाव केतकीवरून इंदापूरपर्यंत ने. वाटेतला खराब तुकडा मुद्दाम घे. उतरल्याबरोबर चारी शॉकअपना बोटानं हळूच शिवून बघ. काम करणारा शॉकअप गरम लागतो, कारण उसळी तो उष्णतेत जिरवतो. तीन गरम आणि एक थंड लागला, तर तो थंड काहीच करत नाहीये. त्याला काढ. चारी सारखेच गरम असले, तर येताना मला घ्यायला ये. उंच गाडीत चढायला मला जमणार नाही, हेही मापं घेताना लक्षात ठेव.