बंदिवासांतून आलेलें आनंदाचें पत्र

सुखाच्या दिवसांत आनंदी असणें कोणालाही साधतें. घरांत भाकर पुरेशी आहे, कोणी आजारी नाहीं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं गोडी आहे, अशा वेळीं मनुष्यानें देवाचे आभार मानले तर त्यांत नवल तें काय? परंतु दुष्काळ पडला, सांथ आली किंवा प्रियजनांचा वियोग ओढवला, म्हणजे मनाची शांति टिकावी कशी हा प्रश्न लहानथोर सर्वांपुढें उभा राहतो. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्ही आज वाचकांस नव्या करारांतील एका लहानशा पत्राकडे नेऊं इच्छितों. संत पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेलें हें पत्र अवघ्या चार अध्यायांचें व १०४ वचनांचें आहे. तें एका बैठकींत वाचून होतें. पण त्याचा अभ्यास जन्मभर पुरतो.

प्रथम हें पत्र कोणास गेलें तें पाहूं. फिलिप्पै हें मासेदोनिया प्रांतांतील नगर. सिकंदराचा पिता राजा फिलिप यानें इ. स. पूर्वी ३५६ च्या सुमारास त्यास आपलें नांव दिलें. पुढें इ. स. पूर्वी ४२ मध्यें ज्यूलियस सीझरच्या मारेकऱ्यांचा पराभव याच नगराजवळ झाला, व विजयी सेनापतींनीं आपल्या निवृत्त शिपायांस तेथें जमिनी देऊन वसविलें. शिपायांच्या वंशजांचें हें नगर आपल्या रोमी नागरिकत्वाचा मोठा अभिमान बाळगीत असे.

इ. स. ५० च्या सुमारास पौल तेथें आला. त्या मंडळीचा आरंभ नदीकांठीं प्रार्थनेस जमलेल्या कांहीं स्त्रियांपासून झाला. त्यांत थुवतीरा गांवची जांभळीं वस्त्रें विकणारी लुदिया होती. तिनें पौल व त्याचे सोबती यांस आपलें घर उघडून दिलें. पुढें पौल व सीला यांस फटके मारून, पाय खोड्यांत अडकवून, आंतल्या कोठडींत टाकण्यांत आलें. त्या रात्रीं ते दोघे स्तोत्रें गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. भूकंपानें दारें उघडलीं, तरी ते पळाले नाहींत. आणि ज्या बंदिशाळेच्या नायकानें त्यांस खोड्यांत घातलें होतें, त्यानेंच त्यांच्या जखमा धुऊन त्यांस जेवूं घातलें. व्यापार करणारी परगांवची स्त्री आणि सरकारी तुरुंगाचा अधिकारी, असे एरवीं एका पंक्तीस न बसणारे लोक या मंडळींत एकत्र आले, हें ध्यानांत ठेवावें.

यानंतर कांहीं वर्षांनीं पौल पुनः बेड्यांत पडला. हें पत्र इ. स. ६१ च्या सुमारास रोम येथून लिहिलें, असें परंपरा मानते. कित्येक विद्वान इफिस किंवा कैसरिया येथील बंदिवासाचें नांव घेतात. स्थळ कोणतेंही असो, त्याच्या पुढें मरणाची शिक्षा उभी होती हें पत्रावरून स्पष्ट दिसतें. फिलिप्पै येथून मदत घेऊन आलेला एपफ्रदीत हा मरणोन्मुख होऊन नुकताच सांवरला होता. कांहीं उपदेशक तर पौलाच्या बेड्या अधिक जड व्हाव्या म्हणूनच मत्सरानें उपदेश करीत फिरत होते. अशा मनुष्याचें पत्र म्हणजे तक्रारींची यादी असावयाची! पण या पत्रांत आनंद व आनंद करणें या अर्थाचे मूळ ग्रीक शब्द सोळा वेळां आले आहेत.

हा आनंद दुःख झांकणारा मुखवटा नव्हे. एपफ्रदीत दगावला असता तर आपणांवर दुःखाचा डोंगर कोसळला असता, हें पौल मोकळेपणानें कबूल करतो; आपल्या अश्रूंचाही तो उल्लेख करतो. विपुलतेंत व टंचाईंत सारखेंच समाधानी राहण्यास आपण शिकलों आहों, असें तो सांगतो. विद्यार्थिमित्रांनो, या 'शिकलों' शब्दाकडे नीट पहा. समाधान हें जन्मजात लाभलेलें वतन नव्हे. तो एक धडा आहे, आणि पौलासारख्या पुरुषासही तो गिरवून गिरवून शिकावा लागला. ख्रिस्ताच्या सामर्थ्यावांचून तो आपणांस आला नसता, हें सांगण्यासही तो विसरत नाहीं.

आतां या पत्राच्या गाभ्याकडे येऊं. चौथ्या अध्यायाच्या आरंभीं दोन स्त्रियांचीं नांवें येतात: युवदीया आणि सुंतुखे. दोघींनीं पौलाच्या खांद्यास खांदा लावून सुवार्तेसाठीं श्रम केले होते. पण आतां त्यांचें आपसांत पटत नव्हतें. हें पत्र भर सभेंत मोठ्यानें वाचलें जावयाचें होतें, आणि बहुधा त्या दोघीही तेथें बसलेल्या असणार. आपलें नांव ऐकतांच त्यांच्या मनाचें काय झालें असेल? तरी चूक कोणाची याचा निवाडा पौल करीत नाहीं. तो दोघींसही निरनिराळी व सारखीच विनंति करतो, आणि एका तिसऱ्या सहकाऱ्यास त्यांचें साह्य करावयास सांगतो. ख्रिस्तानें स्वतःस रिक्त करून दासाचें रूप घेतलें, हें त्यानें दुसऱ्या अध्यायांत आधींच सांगून ठेविलें आहे. ज्यांचा प्रभूच खालीं उतरला, त्यांनीं आपल्या मानपानाच्या पायरीवर अडून कसें बसावें?

नवल असें, कीं आनंद करा ही प्रसिद्ध आज्ञा आणि देवाच्या शांतीचें वचन हीं दोन्हीं या भांडणाच्या लगेच पुढें येतात. आमच्या मतें हा क्रम सहज पडलेला नव्हे. संकट मनुष्याची भाकर हिरावून घेतें हें खरें. पण त्याहून मोठा घाव तें मनुष्यामनुष्यांतील ऐक्यावर घालतें. तें ऐक्य गेलें, कीं आनंद व शांति हीं फार काळ मागें राहत नाहींत. शांति अंतःकरणांचें रक्षण करील, असें म्हणतांना पौलानें जें क्रियापद योजिलें आहे, तें पहाऱ्यावरील शिपायांचें आहे. वेढा उठेल असें तो म्हणत नाहीं; वेशीवर पहारा राहील असें म्हणतो. आणि तो पहारा एकट्यादुकट्याच्या नव्हे, तर 'तुमच्या', म्हणजे सर्वांच्या अंतःकरणांवर आहे.

मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करतांना पंडिता रमाबाईंनीं हेंही पत्र मराठींत आणलें. त्यांचे आईबाप तरुणपणींच दुष्काळाच्या यातनांत गेले होते. पुढें १८९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या आणि निराधार स्त्रिया व मुली यांस केडगांव येथें घेऊन आल्या. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तरी भाषांतराचें काम त्यांनीं आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालविलें. स्वतःच्या दुःखानें त्यांनीं दार लावून घेतलें नाहीं. तें इतरांसाठीं उघडलें.

शेवटीं आमच्या घरची एक गोष्ट सांगतों. एका उन्हाळ्यांत वसतिगृहाची विहीर आटली व पाणी मोजून मिळूं लागलें. एका हंड्यावरून एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींचें बिनसलें. आम्हां शिक्षकांचे दोन दिवस चूक कोणाची याच्या चौकशींतच गेले, आणि अबोला मात्र वाढला. तिसऱ्या दिवशीं दुसऱ्याच एका मुलीनें आपला भरलेला हंडा दोघींच्या मध्यें ठेविला आणि तिघींनीं तो वाटून घ्यावा असें म्हटलें. विहिरीचें पाणी कांहीं वाढलें नाहीं. पण त्या रात्रीं वसतिगृहांत पुनः हंसणें ऐकूं आलें. पौलाचा तो न्याय आम्हीं पुष्कळ वेळां वर्गांत शिकविला होता. आम्हांस तो त्या दिवशीं एका मुलीनें शिकविला.

वाचकहो, आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं व गांवांचीं मुलें एकत्र शिकतात. पुढें तुम्हांपैकीं प्रत्येकावर कठीण दिवस येतील. ते टाळण्याचें वचन कोणतीही शाळा देऊं शकत नाहीं. तेव्हां हें लहानसें पत्र उघडून वाचावें, आणि ज्याच्याशीं अबोला धरला असेल त्याच्या दारीं प्रथम आपण जावें. शांतीचा पहारेकरी त्याच वाटेनें येतो, असा आमचा विश्वास आहे. प्रभु तुम्हां सर्वांस तें धैर्य देवो.