दूरनियंत्रित हेलिकॉप्टर-प्रतिकृतींच्या स्पर्धा : सहभागाची पहिली पायरी

आकाशातून हेलिकॉप्टर जाऊ लागले की शेतात राबणारा माणूसही क्षणभर हातातले काम थांबवून वर पाहतो. धावपट्टीवाचून सरळ वर उठणारे, हवेत एका जागी थबकणारे आणि हवे तर मागेही सरकणारे हे यंत्र लहानथोरांच्या कुतूहलाचा विषय झाले आहे. याच यंत्राची लहान पण खरोखर उडणारी प्रतिकृती जमिनीवर उभे राहून रेडिओ-लहरींच्या साहाय्याने चालविता येते. जगातील अनेक देशांत या प्रतिकृतींच्या रीतसर स्पर्धा भरतात. मात्र आपल्याकडे या क्रीडाप्रकाराचा परिचय फार थोड्यांना आहे.

ज्यांना तो आहे त्यांपैकी अनेक जण एकट्याने आरंभ करतात. हौसेने यंत्र आणले जाते, कोणाच्या मार्गदर्शनावाचून ते उडविले जाते, काही क्षणांतच ते कोसळते आणि मोडलेले भाग माळ्यावर पडून राहतात. पैसा जातो, हुरूप खचतो आणि कित्येकदा इजाही होते. स्पर्धा ही निष्णात झालेल्यांसाठी असते, शिकाऊ माणसाचे तेथे काय काम, असा समज या अपयशाच्या मुळाशी असतो. वस्तुतः स्पर्धेची शिस्त शिकण्याच्या आरंभीच लाभली तर हे नुकसान बव्हंशी टळू शकते.

उगम आणि वाढ

स्थिर पंखांच्या प्रतिकृती रेडिओवर उडू लागल्यानंतरही हेलिकॉप्टरची प्रतिकृती दीर्घकाळ असाध्यच वाटत होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी चिकाटीने प्रयोग करून ती साध्य करून दाखविली. १९७० च्या दशकात त्यांच्या रचनेचे जोडणी-संच विक्रीस आले आणि हा छंद प्रयोगशील कारागिरांपुरता न राहता सामान्य हौशी माणसापर्यंत पोहोचला.

१९०५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने या क्रीडाप्रकारासाठी स्वतंत्र वर्ग ठरवून दिले आहेत. ‘एफ-३-सी’ या वर्गात ठरीव क्रमाने अचूक हवाई कसरती कराव्या लागतात, तर ‘एफ-३-एन’ या वर्गात मुक्त कसरतींना, तसेच संगीताच्या साथीने केलेल्या उड्डाणालाही स्थान आहे.

यंत्राचे मर्म

हेलिकॉप्टरची प्रतिकृती म्हणजे पदार्थविज्ञानाचा चालताबोलता पाठच होय. इंजिन किंवा विजेची मोटर मुख्य रोटर एका दिशेने फिरविते, तेव्हा क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमानुसार यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला आवर घालण्यासाठी शेपटीवर लहान रोटर बसविलेला असतो. शेपटीची दिशा क्षणोक्षणी बदलू नये म्हणून पूर्वी फिरत्या चकतीचा गायरो वापरीत. आता सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक संवेदक तेच काम अधिक चोखपणे करतात.

मुख्य रोटरच्या पात्यांचा कोन एकाच वेळी सारखा वाढविला की यंत्र वर चढते आणि कमी केला की खाली येते. फिरणारे पाते वर्तुळाच्या एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी कलते केले, तर यंत्र पुढे, मागे किंवा बाजूला झुकते. सर्व्हो मोटरींची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या भागास स्वॉशप्लेट म्हणतात. या भागाचे कार्य समजले की हेलिकॉप्टरचे अर्धे रहस्य उलगडते.

इंजिन बंद पडल्यास यंत्र धोंड्यासारखे खाली येईल, असे अनेकांना वाटते. ते तितकेसे खरे नाही. जत्रेत मिळणारे कागदी भिरभिरे वाऱ्याने फिरते, त्याचप्रमाणे यंत्र खाली येत असता खालून येणाऱ्या हवेने रोटर फिरत राहतो. पात्यांत साठलेली ही गती जमिनीजवळ आल्यावर पात्यांचा कोन वाढवून वापरली, तर यंत्र अलगद उतरते. या उतरण्यास ऑटोरोटेशन म्हणतात.

स्पर्धेत काय पाहिले जाते

वेग आणि धाडस यांवरच स्पर्धा जिंकली जाते, हा प्रेक्षकांचा दुसरा गैरसमज. एफ-३-सी वर्गात आरंभीच्या कसरती जमिनीपासून थोड्याशा उंचीवर, अगदी संथपणे करावयाच्या असतात. मध्यबिंदूवर उतरण्याचे वर्तुळ आखलेले असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंस निशाणे लावलेली असतात. यंत्राने वर्तुळातून सरळ उठावे, ठरलेल्या जागी थांबावे, स्वतःभोवती गिरकी घ्यावी, निशाणांच्या मधोमध ठरीव आकृती पूर्ण करावी आणि पुन्हा वर्तुळातच उतरावे, अशी अपेक्षा असते. त्यानंतर वेगवान उड्डाणातील कसरती होतात आणि अखेरीस ऑटोरोटेशनने उतरणे असते.

परीक्षक प्रत्येक कसरतीस शून्यापासून दहापर्यंत गुण देतात. आकृती वाकडी झाली, उंची बदलली, थांबा अपुरा पडला किंवा उतरताना वर्तुळ चुकले, तर त्या प्रमाणात गुण कमी होतात. चालकाजवळ त्याचा सहायक उभा राहून कसरतीचे नाव, आरंभ व शेवट मोठ्याने पुकारतो. म्हणून प्रेक्षकाला साधे वाटणारे स्थिर उभे राहणेच परीक्षकाच्या दृष्टीने सर्वांत कठीण ठरते. चालकाचा हात, यंत्राची जुळणी आणि वाऱ्याचा अंदाज यांतील प्रत्येक उणीव तेथे उघडी पडते.

एकट्याने शिकण्यातील धोका

हे यंत्र खेळण्यासारखे दिसले तरी ते खेळणे नव्हे. स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या मोठ्या प्रतिकृतीच्या रोटरचा व्यास सुमारे १.६ मीटर असतो. तो मिनिटास २,००० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ६०० किलोमीटर होतो. २०१३ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका उद्यानात या छंदात मुरलेल्या १९ वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच प्रतिकृतीचा आघात होऊन मृत्यू झाला. कौशल्य असले म्हणून सावधगिरीची गरज संपत नाही, हे या घटनेवरून लक्षात यावे.

स्पर्धेची आखणीच या धोक्यास मर्यादा घालते. चालकाची जागा ठरलेली असते, उड्डाण त्याच्या पुढील भागातच होते, प्रेक्षक मागे व पुरेशा अंतरावर असतात आणि कोणाच्याही डोक्यावरून यंत्र नेता येत नाही. उड्डाणापूर्वी यंत्राची तपासणी होते. एकट्याने माळावर उडविणाऱ्यास यांतील काहीच आपोआप लाभत नाही.

नवशिक्याचा अभ्यासक्रम

पहिला अभ्यास संगणकावरील सिम्युलेटरवर करावा. तेथे यंत्र शंभर वेळा कोसळले तरी एक स्क्रूही खर्ची पडत नाही. पावसाळ्यात बाहेर उड्डाण अशक्य असते, ते महिने या अभ्यासाला आणि यंत्राच्या जोडणीला उत्तम होत.

पुढे लहान प्रतिकृती घेऊन, तिच्या पायांखाली आडव्या-उभ्या काठ्यांची चौकट बांधावी आणि काठ्यांच्या टोकांना हलके चेंडू बसवावेत. त्यामुळे उतरताना यंत्र कलंडत नाही. प्रारंभी शेपटी चालकाकडे ठेवूनच ते हवेत स्थिर करावे. हे साधल्यावर यंत्र डावीकडे व उजवीकडे वळवून तोच अभ्यास करावा आणि सर्वांत शेवटी नाक स्वतःकडे करावे. नाक समोर आले की डावे-उजवे उलटे होते. बहुतेक यंत्रे याच टप्प्यावर कोसळतात, म्हणून येथे घाई करू नये.

प्रत्येक उड्डाणापूर्वी स्क्रू, पाती, जोडदांडे, बॅटरी व रेडिओचा पल्ला तपासण्याची लेखी यादी हाती ठेवावी. लिथियम-पॉलिमर बॅटरी प्रभारित होत असता तेथून दूर जाऊ नये, तिच्याजवळ जळाऊ वस्तू ठेवू नयेत आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. पाती पूर्ण थांबेपर्यंत कोणीही यंत्राजवळ जाऊ नये, हा नियम तर प्रत्येक मुलाच्या अंगवळणी पडला पाहिजे.

शाळेतील व गावातील स्पर्धा

आंतरराष्ट्रीय कसरतींपर्यंत पोहोचण्यास वर्षे लागतात. तोवर नवशिक्याने केवळ प्रेक्षक राहावे, असे मात्र नाही. शाळा, ग्रामपंचायत किंवा युवक मंडळ यांना सोप्या पायरीची स्पर्धा सहज आखता येईल. चुन्याने आखलेल्या चौकोनावर एक मिनिट स्थिर राहणे हा पहिला प्रकार ठेवावा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर क्रमाने थांबणे हा दुसरा आणि वर्तुळात अलगद उतरणे हा तिसरा. उड्डाणपूर्व तपासणीस स्वतंत्र गुण द्यावेत आणि यंत्राच्या भागांविषयी तोंडी प्रश्न विचारावेत. यंत्र कोसळले तरी तपासणीत व प्रश्नोत्तरांत मिळालेले गुण स्पर्धकाच्या पदरी राहतील आणि त्याला रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.

खर्चाची अडचण खरी आहे. तथापि तिचाही परिहार स्पर्धेच्या स्वरूपातूनच निघतो. एक चालक, एक यंत्रज्ञ व एक पुकारणारा असे तिघांचे पथक मानले आणि प्रत्येक फेरीत भूमिका बदलल्या, तर एका यंत्रावर तीन मुले-मुली शिकू शकतात. यंत्र शाळेच्या किंवा मंडळाच्या मालकीचे असावे, दुरुस्तीची नोंदवही ठेवावी आणि मोडलेला भाग का मोडला याची चर्चा वर्गात व्हावी. शिक्षकांनी परीक्षकाचे काम स्वीकारल्यास विज्ञानाच्या तासातील बल, गती, विद्युत् हे विषय मुलांना मैदानावर प्रत्यक्ष भेटतील. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती-विमानविद्येला स्थान आहेच. जेथे ती शाखा आहे तेथील अनुभवी प्रशिक्षकांचे साहाय्य घ्यावे.

जागा व नियम

सुगीनंतर मोकळी झालेली शेते, कोकण-गोव्यातील कातळाचे सडे, बेळगावकडील माळ अशा जागा या खेळास सोयीच्या आहेत. मात्र मोकळी जागा म्हणजे मोकळे आकाश नव्हे. भारत सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत हवाई क्षेत्राची हिरवा, पिवळा व लाल अशी विभागणी केलेली आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या अनुज्ञेवाचून उड्डाण करता येत नाही. हिरव्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा ४०० फूट असून, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. त्याहून जवळ पूर्वपरवानगी लागते.

ही अंतरे नकाशावर मांडून पाहणे अगत्याचे आहे. गोव्यात दाबोळी व मोपा, बेळगावात सांबरा, वडोदऱ्यात हरणी, तसेच इंदूर, ग्वाल्हेर व हैदराबाद येथील विमानतळ वस्तीपासून फारसे दूर नाहीत. यांपैकी काही ठिकाणी संरक्षण दलांचे तळही आहेत. म्हणून संयोजकांनी तारीख ठरविण्यापूर्वी जागेचा नकाशा पाहावा, नोंदणी व विमा यांविषयीचे चालू नियम तपासावेत आणि स्थानिक पोलीस ठाण्यास लेखी कळवावे. ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांनी अशा अर्जाकडे संशयाने न पाहता संयोजकांस योग्य मार्ग दाखविल्यास नियम मोडण्याचा प्रसंगच उरणार नाही.

अंतिम लाभ

या छंदाचा उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतील आणि तो विचारणे रास्तच आहे. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मानवरहित हेलिकॉप्टरने भातशेतीवर फवारणी होऊ लागली. भारतातही २०२३ साली मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेने महिला बचत गटांच्या हाती फवारणीची ड्रोन देण्याचे ठरविले. ड्रोन व हेलिकॉप्टर-प्रतिकृती यांची रचना भिन्न आहे. परंतु वाऱ्याचा अंदाज घेणे, यंत्र तपासूनच उचलणे, बॅटरी सांभाळणे आणि शंका आल्यास उड्डाण रद्द करणे या सवयी दोन्हीकडे त्याच लागतात.

उड्डाण रद्द करण्याचे धैर्य ही तर या स्पर्धेची सर्वांत मोठी शिकवण म्हणता येईल. वारा वाढला असता गुणांचा मोह सोडून यंत्र खाली ठेवणारा स्पर्धक त्या दिवशी हरतो खरा, पण त्याचे यंत्र शाबूत राहते, माणसे सुरक्षित राहतात आणि पुढच्या स्पर्धेत तो पुन्हा उभा असतो. अशी मुले घडवावयाची असतील, तर प्रत्येक शाळेने चुन्याचा एक चौकोन आखून पहिल्या मिनिटाची स्पर्धा भरवावी. पुढची आकाशे त्याच चौकोनातून खुली होतील.