दारूच्या करात फायदा कुणाचा?

प्रश्न : आमच्या भागात ऊस आहे, कारखाने आहेत, मळीपासून मद्यार्क होतो. दारूवरच्या करातून सरकारलाही बक्कळ पैसा मिळतो. पिणारा तर स्वतःच्याच पैशानं पितो. मग दारूनं समाजाचं आर्थिक नुकसान होतं, असं का म्हणतात?
– एक वाचक, शिराळा

उत्तर : कर नजरेत भरतो, कारण तो एकाच तिजोरीत जमा होतो. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज होता. नुकसान मात्र घराघरांत विखुरलेलं असतं. त्याची पावती कुणी फाडत नाही.

एका घराचा हिशेब करू. रोज 100 रुपयांची दारू धरली तर वर्षाला 36,500 रुपये होतात. महिन्याला चार खाडे आणि 500 रुपये हजेरी धरली, तर आणखी 24,000 बुडाले. पहिल्या रकमेतला काही भाग करापोटी सरकारकडे जातो. खाड्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. ते काम झालेलंच नसतं. दवाखाना, अपघात आणि सोसायटीचं थकलेलं कर्ज यात धरलेलंच नाही. घर मग बायकोच्या भांगलणीच्या मजुरीवर आणि दुधाच्या बिलावर चालतं. तेही पुरेना झालं की मुलांची शाळा सुटते. ‘स्वतःच्या पैशानं’ हे म्हणणं इथंच लटकं ठरतं.

देशाचा हिशेबही असाच निघतो. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, 2011 ते 2050 या काळात मद्यकरातून मिळणारी रक्कम वजा केल्यावरही भारताचं दरवर्षी सरासरी जीडीपीच्या 1.45 टक्के नुकसान होईल. आजारपण, अकाली मृत्यू आणि बुडालेलं काम हे सगळं त्यात आलं.

ज्या घरांना ही झळ बसते, त्यांच्या हातात एक उपाय आहे. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवरची ‘आडवी बाटली’ म्हणजे दुकान बंद; ती जिंकायला मात्र एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. गावात 1,000 महिला मतदार असतील, तर मागणीला 250 सह्या पुरतात. दुकान बंद व्हायला किमान 501 मतं हवीत. त्यामुळे जी बाई त्या दिवशी घरी राहते, तिचं न दिलेलं मत दुकानाच्याच पथ्यावर पडतं.