तुटलेलं लिगामेंट शिवत का नाहीत?

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करतो आणि गावच्या संघातून कबड्डी खेळतो. चढाईत पाय रोवून वळलो, तेवढ्यात मागून पकड बसली आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटल्याचं निघालं. डॉक्टर म्हणतात, माझ्याच मांडीतली शीर काढून तिथे बसवायची. मागावर ताण्याचा धागा तुटला की आम्ही गाठ मारून माग लगेच चालू करतो. मग तुटलेलं लिगामेंटच का शिवत नाहीत? आणि काढलेली शीर तिथे जगते कशी? – एक वाचक, भिवंडी

उत्तर : शिवूनही पाहिलं आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन या सर्जनने १८९५ मध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली तुटलेली लिगामेंटं टाके घालून जोडली आणि तो पुन्हा कामावर गेला. त्यानंतर अनेक दशकं सर्जन शिवत राहिले, पण खेळाडूंच्या गुडघ्यात ते टाके टिकेनात.

कारण जागेत आहे. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं आणि त्या गुठळीच्या आधारानेच ते सांधलं जातं. एसीएल मात्र सांध्याच्या ऐन मध्यात, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये तिरपं ताणलेलं असतं. सांध्यातला वंगणासारखा द्रव तिथे गुठळी टिकू देत नाही, रक्तपुरवठाही बेताचाच. शिवाय टोकं इतकी पिंजलेली असतात की टाका धरायला जागाच उरत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर असतं, म्हणून ते बहुतेकदा नुसता पट्टा बांधून भरून येतं. एसीएल हाडापासून उपटून निघालं असेल तर निवडक रुग्णांत आता पुन्हा टाके घालतात. बाकीच्यांना नवं लिगामेंटच लागतं.

ही युक्ती १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडली: रुग्णाच्याच मांडीच्या बाहेरची पट्टी घ्यायची आणि हाडांत भोकं पाडून त्यातून ओवायची. आज तेच काम दुर्बिणीतून होतं. तुम्ही म्हणता ती शीर म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी. गुडघ्याखाली आतल्या बाजूला लहानसा छेद घेऊन मांडीमागच्या स्नायूंच्या एक-दोन कंडरा काढतात. शेजारच्या टेबलावर सहायक तिला चिकटलेलं मांस खरवडून काढतो, तिची चौपदरी घडी घालतो, टोकं टाक्यांनी गुंफतो आणि वेगवेगळ्या मापांच्या भोकांतून ओढून जाडी बघतो. आठ मिलिमीटरच्या आसपास भरली की सर्जनला बरं वाटतं. तेवढ्याच मापाचे बोगदे दोन्ही हाडांत पाडून ती ओढून घेतात आणि धातूचं बटण वा स्क्रू लावून पक्की करतात. मांडीमागची ताकद थोडी घटते, पण काढलेल्या जागी बऱ्याच जणांत कंडरा काही प्रमाणात पुन्हा वाढते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. बसवलेली कंडरा सुरुवातीला जगत नाही. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आतल्या बहुतेक पेशी मरतात. उरतो तो तंतूंचा सांगाडा. त्यात तुमच्या शरीरातून नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी शिरतात, जुने तंतू मोडून नवे घालतात. ही मोडतोड जोरात असते तेव्हा, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान, कंडरा सर्वांत कमजोर असते. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, चाल सरळ झालेली. माणसाला वाटतं, झालो बरा! मित्र मैदानावर बोलावतात. कृपा करून जाऊ नका. दुखत नाही याचा अर्थ कंडरा तयार झाली असा नाही. ते काम वर्षभर आणि त्याहूनही पुढे चालू राहतं.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळायला परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत घटली. दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने. ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आयपीएलमध्ये तो उतरला मार्च २०२४ मध्ये. त्याच्या दिमतीला सगळं असूनही चौदा महिने लागले, तर गावच्या स्पर्धेसाठी पाचव्या महिन्यात मॅटवर उतरायची घाई कशाला? नऊ महिन्यांनंतरही आधी दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरची उडी मोजून घ्या. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या किमान नव्वद टक्के भरला पाहिजे.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या चाचणीत ज्यांनी आधी व्यायामाचा मार्ग धरला, त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया लागली नव्हती. पण कबड्डीत वळणं आणि अचानक थांबणं टळत नाही. गुडघा निसटत राहिला तर आतली गादी फाटते, म्हणून खेळत राहायचं असेल तर डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. फक्त सूज उतरू द्या, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या, मग टेबलावर जा.

मागासमोर पाळीभर उभं राहायचं असल्याने निदान दोन-तीन महिन्यांच्या कमाईची सोय आधी बघा. गादीलाही टाके पडले, तर उकिडवं बसणं चार ते सहा महिने बंद राहील. घरी भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. आणि फिजिओथेरपिस्ट घराजवळचा निवडा, कारण त्याच्याकडे तुम्हाला कित्येक महिने जायचं आहे.